लाल बटण कुठं लावायचं

माझा नवरा नवनाथ महाळुंग्याच्या एका कंपनीत रोज आठ तास सीएनसी मशीन चालवतो. त्या मशीनला पुढं एक आणि मागं एक अशी दोन लाल बटणं आहेत. काही बिघडलं की दाबायचं, मशीन जागच्या जागी थांबतं. आणि हाच माणूस घरी वर्षभर खपून स्वतःचं सीएनसी मशीन बांधतो आणि त्याला एकही लाल बटण लावत नाही. नवरा माझा आहे म्हणून मी याबद्दल कमीच बोलते. सासऱ्यांनी मात्र तेवढी भीड ठेवली नाही.

चिखलीत आमचं खाली एक गाळा आणि वर दोन खोल्या असं घर आहे. गाळ्यात आधी सलून होतं. सलूनवाल्यानं मोशीला मोठी जागा घेतली, गाळा रिकामा झाला आणि नवनाथच्या डोक्यात मशीन शिरलं. चौकटीचं लोखंड त्यानं कुदळवाडीच्या भंगारातून आणलं, मोटारी ऑनलाइन मागवल्या, आणि सुट्टीच्या प्रत्येक दिवशी ग्राइंडर घेऊन सगळ्या गल्लीची झोप उडवली. झालेलं मशीन दिसायला साधंच आहे. एक टेबल, त्यावर पुढेमागे सरकणारी आडवी तुळई, तुळईवर गरगर फिरणारा स्पिंडल आणि त्याच्या टोकाला पेन्सिलीएवढं धारदार कटर. कॉम्प्युटरवर जे अक्षर काढून द्याल ते कटर फळीत कोरतं.

मशीन बांधलं त्यानं, पण चालवणार होते मी. हे लग्नाच्या याद्यांइतकं पक्कं ठरलं होतं. तो शिफ्टला गेल्यावर घरी कोण असतं? मी. आयटीआयचा कॉम्प्युटरचा कोर्स कुणी केलाय? मी. आणि सहा वर्षं चाकणच्या एका कंपनीत खोक्यांवर स्टिकर चिकटवून चिकटवून कुणाचा जीव विटलाय? तोही माझाच. गणपती उठले आणि मी नोकरी सोडली. मागच्या गल्लीतल्या नव्या सोसायटीचे सेक्रेटरी दिग्विजय सावंत यांच्याकडून बारा फ्लॅटच्या बारा लाकडी पाट्यांची ऑर्डरही मी परस्पर घेऊन टाकली. दसऱ्याच्या संध्याकाळी लोक सोनं द्यायला दारात येतात, तेव्हा दारावर नावं दिसली पाहिजेत, एवढीच त्यांची अट. माझ्या आयुष्यातली पहिली ऑर्डर होती ती. बारा घरांची आडनावं मला पाढ्यांसारखी पाठ झाली होती.

मशीन पहिल्यांदा सुरू केलं ते घटस्थापनेला. पितृपंधरवड्यात हात लावू नका असं आत्यांनी बजावलं होतं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, कुसुमताई. आमच्या परभणीकडं सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. नवनाथनं प्लायवूडचा एक तुकडा टेबलावर आवळला, लॅपटॉपवर बटण दाबलं आणि कटर खाली उतरलं. दोन मिनिटांत प्लायवूडवर 'श्री' उमटायला लागला. आत्यांनी टाळ्या वाजवल्या. मला खरंच रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

मामा म्हणजे उद्धवराव शटरच्या बाहेर उभे होते. आत आले नव्हते. तिथूनच त्यांनी विचारलं, "थांबवायचं कसं?"

"सोपंय अण्णा," नवनाथ म्हणाला, "इथं स्टॉपवर क्लिक करायचं."

"कर."

नवनाथनं माऊस शोधला. तो भुशाखाली गेला होता. फुंकर मारून बाहेर काढला, तोवर लॅपटॉपची स्क्रीन काळी झाली. त्यानं ती जागी केली, तर ती पासवर्ड मागायला लागली. घाईत पासवर्ड चुकला. दुसऱ्यांदा टाकेपर्यंत मशीननं 'श्री'ची वेलांटी पुरी केली, कटर वर घेतलं आणि आपलं आपण जाऊन कोपऱ्यात उभं राहिलं.

"झालं तुझं थांबवून?" मामा म्हणाले.

"नाहीतर प्लग काढायचा ना."

"प्लग कुठं हाय?"

प्लग मशीनच्या मागं भिंतीला होता. तिथं पोचायला तुळईवरून वाकावं लागलं असतं.

"बटण लागल्याबिगर हिनं ह्याला हात लावायचा न्हाई," असं म्हणून मामा जिना चढून वर गेले.

हिनं! मी तिथंच उभी होते, आणि माझ्याबद्दलचा निकाल माझ्या डोक्यावरून नवऱ्याला सांगून झाला. मला राग लवकर येतो आणि तो ऐकू येईल अशा आवाजात येतो. त्या दिवशी मी घासलेली भांडी पुन्हा घासली. मामांचं दुखणं मला ठाऊक नव्हतं असं नाही. भोसरीत पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका प्रेसशॉपमध्ये ते कामाला होते. नवनाथ सहावीत असताना प्रेसनं त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. पुढं कंपनीनं त्यांना स्टोअरला बसवलं आणि तिथूनच ते रिटायर झाले. ते कसं झालं हे मात्र त्यांनी घरात कधीच कुणाला सांगितलं नाही. आम्हाला फक्त त्याचे परिणाम दिसत. मिक्सरच्या भांड्यात चमचा घालायचा तर आधी प्लग काढून तो त्यांना दाखवायचा. पिठाच्या गिरणीत गेले तर डबा दारात ठेवून स्वतः रस्त्यापलीकडं थांबायचे. हे सगळं मला कळत होतं. पण कळलं म्हणून राग येत नाही असं थोडंच आहे! नऊ दिवसांवर दसरा आणि बारा पाट्या कोऱ्या.

नवनाथची दुसरी पाळी चालू होती, त्यामुळं सकाळ मोकळी मिळायची. दुसऱ्या माळेला तो कुदळवाडीला गेला आणि पिंटूच्या दुकानातून एक लाल बटण घेऊन आला. कुठल्यातरी मोडीत निघालेल्या मशीनचं होतं, पण ठणठणीत. मोठ्या लिंबाएवढी लाल टोपी आणि तिच्याखाली पिवळी गोल चकती. तिसऱ्या माळेला त्यानं ते टेबलाच्या कडेला बसवलं, वायर ओढली, मशीन चालू केलं आणि बटण दाबलं. टक्क! मशीन थांबलं. मी मामांना हाक मारायला गेले ती दोन दोन पायऱ्या ओलांडतच.

मामा पुन्हा शटरपाशी उभे राहिले. "पुन्हा चालू कर," म्हणाले. मशीन सुरू झालं. मग त्यांनी बाहेरूनच हात लांब करून, भिंतीवरून गेलेली बटणाची वायर डाव्या हातानं धरली आणि हिसका देऊन उपटली.

"आता दाब."

नवनाथनं बटण दाबलं. मशीन खुशाल चालत राहिलं.

"अण्णा, वायर उपटल्यावर कसं थांबेल ते?"

"उंदीर कुरतडंल, हादऱ्यानं सुटंल, झाडताना कुणाचा पाय अडकंल. वायर निघाली हे तुला कळणार कवा? हात आत गेल्यावर?"

आपलं चुकलं हे नवनाथला लगेच कळतं, ते कबूल करायला मात्र दोन दिवस लागतात. चौथी आणि पाचवी माळ त्यात गेली. सहाव्या माळेला त्यानं सगळं उलटं केलं. आता वीज आधी बटणातून जाणार आणि मग मशीनला मिळणार. बटण दाबलं तरी ती तुटणार, वायर सुटली तरी तुटणार, आणि तुटली की मशीन बंद. लॅपटॉपला विचारायची गरज नाही, माऊसची नाही, पासवर्डची तर नाहीच. मामांनी पुन्हा वायर उपटली. मशीन थांबलं. त्यांनी नुसती मान हलवली. मामांकडून एवढं मिळालं म्हणजे खूप झालं.

"आता लावू का फळी?" मी विचारलं.

"थांब," ते म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा शटरच्या आत आले.

त्यांनी मला टेबलासमोर उभं केलं. मशीन बंद होतं. "फळी धर दोन्ही हातांनी. डोळे मिट. आता बटण दाब."

मी डोळे मिटून हात मारला, तो हवेत गेला. पुन्हा मारला, तो फळी आवळायच्या शिकंज्यावर आपटला. डोळे उघडले तर नवनाथ हसत होता. मी त्याला भुशाची मूठ मारली. मामा हसले नाहीत. त्यांनी खडू मागवला, टेबलाच्या कडेला एक फुली केली, बटण तिथं धरलं आणि पुन्हा डोळे मिटायला लावले. असं सात वेळा झालं. सातव्या वेळी उजव्या बाजूला माझा हात पहिल्याच फटक्यात बरोबर टोपीवर पडला.

"झालं!" मी ओरडले.

"आता उजवा हात आतच ठेव. तिथं, कटरखाली. अडकलाय असं समज. आन आता दाब."

मी उजवा हात कटरखाली ठेवला आणि डाव्या हातानं उजवीकडचं बटण गाठायला गेले. कंबर वळेना. टेबलाची कड पोटात रुतली. बोटं टोपीपासून वीतभर अलीकडंच राहिली. मी अजून ताणून बघितलं. नाही पोचलं.

"माझा उजवा हात आत होता," मामा म्हणाले, "आन बटण उजवीकडं होतं."

नवनाथ खाली बसून स्क्रू आवळत होता. त्याचा हात थांबला.

"एवढंच लांब होतं. दिसत होतं मला. लाल लाल. शेजारच्या मशीनवरचा भिमाजी पळत आला, पर त्यो येस्तवर..." खडू त्यांनी खिशात ठेवला, मग चुकून ठेवला हे लक्षात येऊन परत काढला.

मला माझी लाज वाटली. पाच दिवस मी भांडी आपटत होते ती या माणसावर. त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण मामांना तसलं काही आवडत नाही. म्हणून मी म्हणाले, "मग डावीकडं लावू या, मामा. तुम्ही सांगाल तिथं."

"डावीकडं एक. आन दोन्ही हात गुतले तर गुडघ्याला एक."

नवनाथ उठला आणि कुदळवाडीला गेला. पिंटू त्याला म्हणाला म्हणे, "काय भाऊ, रॉकेट बनवताय का घरी?" नवनाथनं ते मामांना सांगितलं, तेव्हा मात्र मामा हसले. दोन दिवसांत त्या दोघांनी माझ्या डाव्या हाताशी लोखंडी खांब उभा केला, त्यावर पिवळा डबा आणि डब्यावर टेबलाच्या कडेचं बटण. दुसरं बटण टेबलाखाली, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर. उंची मामांनी स्वतः मोजली. नवनाथच्या गुडघ्यानं नव्हे, माझ्या.

हे सगळं उरकलं तोवर अष्टमी उजाडली होती. मी पॉलिश केलेल्या बारा फळ्या टेबलाशेजारी रचून ठेवल्या आणि मामांकडं पाहिलं.

"उद्या खंडेनवमी," ते म्हणाले. "हत्यारांची पूजा झाल्यावर हत्याराला आराम. मुहूर्त दसऱ्याला."

एका पाटीला वीस मिनिटं. बाराला चार तास. दसऱ्याला सकाळी आठला सुरू केलं तर दुपारच्या जेवणाला पाट्या तयार. मी मनातल्या मनात हिशेब केला. तेवढ्यात दिग्विजयरावांचा फोन आला, तर मी त्यांना म्हणाले, "साहेब, निर्धास्त राहा!" कुणाच्या जिवावर म्हणाले ते माझं मला ठाऊक नव्हतं.

खंडेनवमीला आत्यांचं राज्य होतं. मामांनी आधी मेन स्विच पाडला आणि मगच आत्यांना आत सोडलं. आत्यांनी मशीनपुढं रांगोळी काढली, नारळ फोडला, नटबोल्टचे पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, एवढंच काय नवनाथच्या वीज तपासायच्या मीटरलासुद्धा हळदकुंकू लावलं. लॅपटॉपला बोट लावताना नवनाथ कळवळला. खांबावरचं बटण पाहून आत्या म्हणाल्या, "ह्याला तर पिवळ्यावर लाल आधीच लावून आणलंय की! तरी बी मी आपलं लावते." मग झेंडूचा हातभर लांब हार घेऊन त्या स्पिंडलकडं वळल्या.

"फिरत्या भागावर हार न्हाई," मामा म्हणाले. "चालू केल्यावर गुंडाळंल. खांबाला घाल."

आत्यांनी हार खांबाला घातला. चांगला दुहेरी करून. शटर ओढलं, आणि त्या दिवशी आम्ही सगळे मशीनकडं न बघता पुरणपोळी खाल्ली.

दसऱ्याला सकाळी आठला मी नवी साडी नेसून, पदर खोचून टेबलापुढं उभी राहिले. नवनाथनं मेन स्विच वर केला. काही नाही. मशीनच्या विजेच्या पेटीतला हिरवा दिवा लागतो, तो लागला नाही. पुन्हा खाली, पुन्हा वर. काही नाही.

नवनाथनं मीटर घेतला. घरात वीज होती, पेटीपर्यंत वीज होती, पुढं नव्हती. "बटणाच्या लाइनमध्ये कुठंतरी वायर तुटलीय," तो म्हणाला.

"बटण तर दाबलं नाही ना गेलं?"

"कोण दाबणार? पूजेपासून शटर बंद आहे." त्यानं खाली वाकून गुडघ्याचं बटण पाहिलं. ते वरच होतं. खांबाचं फुलांनी झाकलं होतं. दसऱ्याच्या दिवशी देवाचा हार काढायची कुणाची छाती? हार थोडा बाजूला करून त्यानं खालून डब्यात शिरणारी वायर तेवढी तपासली. मग भिंतीवरची वायर इंच इंच चाचपली. मग पेटी उघडली. पेटीतले सगळे स्क्रू सोडून पुन्हा आवळले. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. गुडघ्याचं बटण पूर्ण खोलून त्याचे सुटे भाग रांगोळीशेजारी मांडले. दहा वाजले. मी फळ्या एकदा पुसल्या, दुसऱ्यांदा पुसल्या, तिसऱ्यांदा पुसायला लागल्यावर माझं मलाच हसू यायला हवं होतं, ते काही येईना.

"एका बटणावर भागलं असतं, अण्णा," नवनाथ शेवटी बोललाच. "जितकी बटणं वाढवाल तितके सांधे. आता तुटलेला सांधा शोधा!"

मामा शटरच्या चौकटीला टेकून उभे होते, तिथून ते एक पाऊल मागं सरकले. दहा दिवसांत हा माणूस कुठून कुठपर्यंत आत आला होता, आणि एका वाक्यात परत निघाला होता. मला नवनाथचा असा राग आला की विचारू नका.

"वायर तू जोडलीस आणि बोल त्यांना लावतोस?" मी म्हणाले. "दोन बटणं राहतील. मला दोन्ही पाहिजेत. पाट्या नाही झाल्या तर मी स्वतः जाऊन दिग्विजयरावांना सांगते. पण मामांना काही बोलायचं नाही."

माझा आवाज गल्लीत ऐकू गेला असणार. फोन वाजत होता, दिग्विजयरावांचाच. मी उचलला नाही. आणि त्याच वेळी आत्या पुऱ्यांचं पीठ लागलेले हात घेऊन जिना उतरून आल्या.

"कामून भांडायलेत सणासुदीचं?"

"मशीन चालू होईना, आई," नवनाथ म्हणाला.

"कसं व्हईल? बटण दाबलेलं हाय ना."

"नाही दाबलेलं. कुणी दाबलंच नाही."

"मी दाबलंय की."

"कधी?" नवनाथनं विचारलं.

"काल," आत्या म्हणाल्या. "कुंकू लावताना. लाल टोपी, तिच्यावर लाल कुंकू दिसंना, म्हणून अंगठ्यानं चांगलं रेटून लावलं. टक्क वाजलं. मला वाटलं, नीट बसलं."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"मला कुणी इचारलं? दहा दिस बटण बटण करायलेत, मला एकदा तरी कुणी दाखवलं का, हे कसं चालतंय म्हणून? बटण दाबलं की बंद, एवढं तर मला वरून ऐकून बी कळलं."

मामा पुढं आले. नमस्कार केला आणि खांबावरचा हार त्यांनीच उचलला. खाली लाल टोपी, तिच्यावर मधोमध कुंकवाचा गोल ठिपका, आणि टोपी पार आत दबलेली. ही बटणं एकदा दाबली की तशीच राहतात, पिळल्याशिवाय वर येत नाहीत, म्हणजे कुणी अजाणता मशीन पुन्हा चालू करू नये. मामांनी टोपी उजवीकडं पिळली. ती उसळून वर आली. नवनाथनं गुडघ्याचं बटण भराभरा जुळवून बसवलं, स्विच वर केला, आणि पेटीत हिरवा दिवा लागला.

आधी आत्या हसल्या. मग मी. मग नवनाथ हसत हसत जमिनीवरच बसला, त्या सुट्या स्क्रूंमध्ये. मामा तर इतके हसले की त्यांना खोकला लागला आणि मी पाणी आणायला पळाले.

"अण्णा, चुकलो," नवनाथ म्हणाला. या वेळी दोन दिवस लागले नाहीत.

"तुजी वायर बी चोख हाय," मामा डोळे पुसत म्हणाले, "आन बटण बी. एक रात आन अर्धा दिस धरून ठिवलं त्यानं. हूं की चूं केलं न्हाई."

पावणेअकरा झाले होते. पण चांगल्या फळीला हात लावायच्या आधी चाचणी व्हायलाच हवी, हे आता मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी प्लायवूडचा टाकाऊ तुकडा आवळला आणि मशीन सुरू केलं. कटर घरघरत लाकडात शिरलं, भुसा उडायला लागला. मामा खांबाच्या पलीकडं उभे होते, मशीनपासून हाताच्या अंतरावर. एवढ्या जवळ, चालू मशीनपाशी, मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. नवनाथनंही नव्हतं. भोसरीनंतर कुणीच नव्हतं.

"थांब!" ते अचानक ओरडले.

माझा डावा हात न बघता टोपीवर पडला. मशीन थांबलं. टोपी पिळून पुन्हा सुरू केलं. पुन्हा "थांब!" आणि या वेळी मी गुडघा मारला. थांबलं. मामांनी मान हलवली, आणि मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी तिसऱ्यांदा मशीन सुरू केलं, दोन्ही हात वर केले आणि ओरडले,

"मामा, थांबवा!"

ते दचकले. खांबाच्या पलीकडं उभे होते म्हणून बटण त्यांच्या उजव्या हाताला होतं. विचार करायला वेळच नव्हता. त्यांचा उजवा हात, तोच, सटकन पुढं आला आणि टोपीवर बसला. टक्क. स्पिंडल गरगरत हळू झाला आणि थांबला. गाळ्यात एकदम शांतता झाली. वर आत्यांनी मंद आचेवर ठेवलेल्या तेलाचा वास तेवढा येत होता.

मामांनी हात उचलला आणि तळव्याकडं बघितलं. तळव्याला आत्यांचं कुंकू लागलं होतं.

"ह्याला बोटं लागत न्हाईत गं," ते म्हणाले. "नुसता तळवा पुरतोय."

नवनाथनं तोंड फिरवलं. आत्यांनी पिठाच्याच हातांनी पदर डोळ्यांना लावला. मी काही लावलं नाही, सरळ रडले आणि रडता रडता हसले.

"परत चालू कर," मामा म्हणाले.

मी चालू केलं. त्यांनी उजव्या हातानं थांबवलं. "परत." पुन्हा थांबवलं. "परत कर की." पाचव्यांदा, सहाव्यांदा. दर वेळी तळवा जास्त जोरात पडत होता आणि दर वेळी ते शाळेतल्या पोरासारखे आमच्याकडं बघत होते, पाहिलंत ना, म्हणून. नवनाथ मोठ्यानं मोजत होता. आठव्याला मात्र माझा धीर सुटला.

"मामा, बस झालं! बारा पाट्या आहेत, अकरा वाजले!"

सासऱ्यांवर मी पहिल्यांदाच तोंडावर ओरडले होते. आत्यांनी जीभ चावली.

मामा खांबाला टेकले, कुंकवाचा हात टोपीजवळ ठेवला आणि हसत म्हणाले, "बरं बाई. लाव फळी. चालव तू, मी हाय हितं."

मी पहिली फळी आवळली आणि मशीन सुरू केलं.